अंडाशयाचा दोष, इन्सुलिनचा माग

आळे परिसरात मुलीची पाळी लांबली की ‘लग्नानंतर होईल सुरळीत’ असे अजून ऐकू येते. पीसीओएसचा इतिहास वेगळे सांगतो.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरून हा विकार मांडला. दोष अंडाशयाचा मानला. उपायही अंडाशयाचा तुकडा कापण्याचा. १९८० मध्ये वाढलेल्या इन्सुलिनशी त्याचा संबंध दिसला. जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके वाढवायला लावते. म्हणून १९९४ पासून मधुमेहावरचे मेटफॉर्मिन या विकारातही वापरले जाऊ लागले.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या कमी वजनाच्या नवजातांतही चरबी टिकून होती, इन्सुलिन जास्त होते. तेव्हा मुलगी सडपातळ म्हणून निर्धास्त राहू नये. पहिल्या पाळीनंतर तीन वर्षांनीही अंतर पस्तीस दिवसांपलीकडे जात असेल, तर लग्नाची वाट न पाहता तपासणी करावी.