दोन टिंबांची कुळकथा

नागपुरातल्या एखाद्या सीबीएसई शाळेत अकरावीचा विद्यार्थी पायथन या संगणकभाषेतली ‘फॉर’ची पहिली ओळ लिहितो आणि तिथेच अडतो. ओळीच्या शेवटची दोन टिंबं राहून गेलेली असतात. इंग्रजीत ती ‘कोलन’, मराठी व्याकरणात ‘अपूर्णविराम’. या खुणेचं काम मराठी नावातच आहे: बोलणं पुरं झालेलं नाही, पुढे ऐका.

पायथन १९९१ मध्ये जगासमोर आली. तिचे कर्ते गिडो व्हॅन रॉसम त्याआधी ॲमस्टरडॅममध्ये ‘एबीसी’ या शिकाऊंसाठीच्या भाषेवर काम करत होते. टिंबं तिथून आली, आणि एबीसीत ती आली एका वाचकसुलभ शंकेतून.

१९७८ साली पोलंडमधल्या याब्वोन्ना इथल्या वाड्यात लॅम्बर्ट मीर्टेन्स आणि त्यांचे सहकारी या भाषेच्या वाक्यरचनेवर खल करत होते. एकमत होईना, म्हणून त्यांच्यातल्या रॉबर्ट ड्यूअर यांच्या पत्नी कॅरिन यांना बोलावलं. पहिलाच नमुना पाहून त्यांनी विचारलं, हे ‘फॉर’ फक्त याच ओळीपुरतं नाही, खालच्या ओळींनाही लागू आहे होय? ओळीअखेर कोलन असता तर हा घोटाळा झालाच नसता, हे शास्त्रज्ञांना तेव्हा उमगलं.

यावर आक्षेप आहे. पीटर लँडिन यांनी १९६६ मध्येच ओळीच्या समासावरून अर्थ ठरवण्याचा नियम मांडला होता. समास पुरतो, मग टिंबं कशाला? यंत्राला पुरतो, हे खरं. पण टिंबं माणसासाठी आहेत. पायथनचे जाणकारही वाचनसुलभता हेच कारण देतात.

मराठीला हा धडा शतकभर आधी मिळाला होता. नागपूरकर भोसल्यांच्या काळचं मोडी लेखन सलग धावतं. कुठे थांबायचं ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून छापील मराठीला थांबे दिले. कँडी यांचं पुस्तक आणि कॅरिन यांचा प्रश्न एकाच अडचणीवरच्या एकाच उपायाकडे नेतात, असं मानायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, दोन टिंबं तर आपल्याकडे विसर्गात आधीपासून होती. या वादाचा निकाल खुद्द पायथन देते. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात ‘यादी’ असं देवनागरी नाव चालतं. ‘फॉर’च्या ओळीअखेर त्यापुढे कोलनऐवजी विसर्ग टंकला, तर ती ‘यादीः’ हे वेगळंच नाव समजते आणि अपूर्णविराम मागतच राहते. विसर्ग अक्षराचा भाग, अपूर्णविराम वाक्याचा.

आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प पायथनला अभियांत्रिकीच्या निरनिराळ्या शाखांत नेतो. तिथला ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतूनही धडे देतो. वर्गातल्या फळ्यावर ‘फॉर’ची ओळ लिहिताना शिक्षकांनी ‘अपूर्णविराम’ हा शब्द मोठ्यानं उच्चारला, तर कॅरिन यांच्या प्रश्नाचं उत्तर मुलांना आपल्याच भाषेत मिळेल.