जलपर्यटन : एका विलासाचा इतिहास

समुद्रप्रवास हा मूलतः गरजेचा प्रवास. व्यापारी, सैनिक, देशांतर करणारी कुटुंबे, प्रत्येकास कोठेतरी पोहोचावयाचे असे. केवळ हिंडण्यासाठी आगबोटीवर चढावे, ही प्रथा त्या मानाने अलीकडची. आणि तिला चालना मिळाली ती अडचणीतून.

हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळे, उतारू घटत आणि हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या मोठ्या आगबोटी बंदरात पडून राहत. त्यावर उपाय म्हणून कंपनीचे आल्बर्ट बालीन ह्यांनी २२ जानेवारी १८९१ रोजी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ ही आगबोट २४१ प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राच्या सफरीस धाडली. स्वतः बालीनही सपत्नीक तीवर होते. दोन महिन्यांनी ती स्वदेशी परतली. पुढे अशा सफरी रूढ झाल्या.

१९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि उतारू आगबोटींचे मूळ कामच संपत आले. १९६२ साली सेवेत आलेली, ३१५ मीटर लांबीची ‘फ्रान्स’ १९७४ मध्ये थांबली. १९८० मध्ये ‘नॉर्वे’ हे नाव धारण करून तीच मायामीहून कॅरिबियन समुद्रातील सहलींस निघाली.

तिचा अंत मात्र आपल्या देशात झाला. २००६ साली ती गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठी आणली गेली. तिच्यातील ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक. म्हणून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २००७ मध्ये अनुमती मिळाली आणि मजुरांनी ती तोडली.

विलासनौकांच्या इतिहासात डेकवरील प्रवाशांबरोबर ह्या मजुरांचीही नोंद असावयास हवी.