मातीची तापमापी

गेल्या हिवाळ्यात मृत्तिकाशिल्पांचे एक प्रदर्शन पाहायला गेलो होतो. जोडीला एका कलावंत बाईंचे भाषणही होते. भाषण संपल्यावर नववी-दहावीतल्या एका मुलीने विचारले, "भट्टीच्या आत किती तापमान आहे, हे तुम्हाला बाहेरून कसं कळतं?" बाईंनी पिशवीतून मातीचा एक छोटा सुळका काढून तिच्या हातावर ठेवला. त्याचा शेंडा वाकून खाली टेकला होता. "हा वाकला की कळतं," त्या म्हणाल्या.

मुलीचे समाधान झाले नाही. "पण तो किती अंशांना वाकतो हे आधी कोणी मोजलं? आणि कशानं?" तोवर चहा आला आणि प्रश्न तिथेच राहिला. घरी येताना तो माझ्या डोक्यात घोळत होता, कारण प्रश्न फार नेमका होता. जिथे कोणतीच तापमापी टिकत नाही, तिथले तापमान मोजणाऱ्या पहिल्या माणसाने आपले माप कशाशी ताडून पाहिले असेल?

या प्रश्नाशी झगडलेला एक प्रसिद्ध माणूस व्यवसायाने कुंभार होता. जोसाया वेजवुड १७३० साली इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम या गावी, कुंभारांच्याच घराण्यात जन्मला. लहानपणी देवीच्या रोगाने त्याचा उजवा गुडघा अधू झाला आणि पुढे १७६८ साली तो पाय कापावा लागला. शालेय शिक्षण बेताचेच. पण मातीची मिश्रणे आणि झिलया यांवर त्याने हजारो प्रयोग केले. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यायचा आणि तो भट्टीत वर, मध्ये की तळाशी ठेवला होता हेही टिपून ठेवायचे, असा त्याचा शिरस्ता होता. भट्टीच्या निरनिराळ्या भागांत आच वेगवेगळी असते हे प्रत्येक कुंभार जाणतो. ते लिहून ठेवणारा विरळा.

विक्रीतही गडी तरबेज होता. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठी त्याने ९५२ नगांचा एक भोजनसंच बनवला. त्यावर ब्रिटनमधील स्थळांची हजाराहून अधिक चित्रे होती आणि प्रत्येक नगावर एक हिरवा बेडूक! ज्या राजवाड्यासाठी हा संच होता, त्याच्या जागेचे जुने नाव बेडकांच्या दलदलीवरून पडले होते. रशियाला पाठवण्यापूर्वी १७७४ च्या जूनमध्ये वेजवुडने लंडनच्या ग्रीक स्ट्रीटवरील आपल्या दालनात त्याचे प्रदर्शन मांडले. प्रवेश तिकिटाने होता, आणि खुद्द इंग्लंडची राणीही येऊन गेली.

पण पडद्यामागे भट्टी त्याला छळत होती. थोडी आच कमी पडली की माल कच्चा, थोडी वाढली की वाकडा. पाऱ्याची तापमापी इथे निरुपयोगी, कारण पारा ३५७ अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि भांड्यांच्या भट्टीला १,००० अंशांच्या पुढे जावे लागते. कारागीर रंगावरून अदमास घेत : तांबडा, केशरी, पांढरा. पण एकाचा केशरी तो दुसऱ्याचा पिवळा. लोहाची संयुगे मिसळलेल्या मातीचा रंग आचेनुसार बदलतो, त्यावरून मोजपट्टी करण्याचा प्रयत्न वेजवुडने आधी केला. मग त्याचे लक्ष मातीच्या दुसऱ्याच गुणाकडे गेले. माती भाजली की आकसते, आणि जितकी जास्त आच तितकी जास्त आकसते.

हे का होते ते थोडक्यात पाहू. वाळताना मातीतले मोकळे पाणी जाते. पुढे ५००-६०० अंशांच्या आसपास तिच्या स्फटिकांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते. त्याहून वर कण एकमेकांना चिकटू लागतात, काही भाग वितळून मधल्या पोकळ्या भरतो, आणि तुकडा लहान होतो. थंड झाल्यावर तो परत फुगत नाही. म्हणजे भट्टीतून काढल्यावर, टेबलावर निवांत बसून, आतली आच मोजता येते! पाऱ्याला ही सोय नाही.

वेजवुडचे उपकरण अगदी साधे होते. पितळेच्या पाटावर दोन पट्ट्या किंचित तिरप्या बसवलेल्या. एका टोकाला अंतर अर्धा इंच, दुसऱ्या टोकाला ०.३ इंच. लांबी २४ इंच, तिचे २४० भाग. ठरावीक मापाचा मातीचा तुकडा भट्टीत घालायचा, निवल्यावर या घळीत सरकवायचा. जिथे अडेल तितके अंश. मे १७८२ मध्ये रॉयल सोसायटीत यावरचा निबंध वाचला गेला आणि पुढच्याच वर्षी वेजवुड सोसायटीचा सदस्य झाला. एका कुंभाराला हा मान!

आता त्या मुलीचा प्रश्न. वेजवुडचे अंश आणि फॅरनहाइटचे अंश यांचे नाते काय? १७८४ मध्ये त्याने चांदीला मध्यस्थ केले. चांदीचा तुकडा तापला की किती प्रसरण पावतो हे आधी पाऱ्याच्या टप्प्यात पाहिले. मग तोच हिशेब पुढेही लागू पडतो असे धरून मातीच्या तुकड्याशी जुळवणी केली. निष्कर्ष : वेजवुडचा शून्य म्हणजे १,०७७.५ अंश फॅरनहाइट, आणि त्याचा एक अंश म्हणजे १३० अंश फॅरनहाइट.

आकडे पाहा. वेजवुडच्या मोजणीत तांबे २७ अंशांना वितळते, चांदी २८, सोने ३२ आणि बीड १३० अंशांना. तांब्याचे रूपांतर करून बघा : सुमारे ४,५८७ अंश फॅरनहाइट, म्हणजे २,५०० अंश सेल्सिअसहून अधिक. खरा द्रवणांक १,०८५ आहे. बिडाचा आकडा तर सुमारे १०,००० अंश सेल्सिअस भरतो. सूर्याचा पृष्ठभागही ५,५०० अंशांच्या आसपासच असतो. म्हणजे स्टॅफर्डशायरच्या भट्टीत सूर्यापेक्षा जास्त आच! शिवाय क्रमही उलटा. चांदी ९६२ अंशांना, सोने १,०६४ ला आणि तांबे सर्वांत शेवटी वितळते.

हे आकडे बरीच वर्षे पुस्तकांत फिरत राहिले. त्यांना हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : त्यांना खोटे ठरवण्यासाठी दुसरे माप हवे होते आणि ते हाताशी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये गितों द मोर्वो आणि नंतर इंग्लंडमध्ये डॅनिएल यांनी प्लॅटिनमच्या प्रसरणावर आधारलेली उपकरणे केली, तेव्हा वेजवुडचे आकडे भलतेच फुगलेले दिसले. चूक कुठे होती? माती सर्व टप्प्यांत सारखी आकसत नाही. शिवाय तिच्या आकसण्यात काळाचाही वाटा असतो. त्याच तापमानाला जास्त वेळ ठेवली तर ती आणखी आकसते. वेजवुडला आणखी एका गोष्टीने सतावले. कॉर्नवॉलची पहिल्यासारखी माती पुन्हा मिळेना, आणि तुरटीपासून काढलेली अल्युमिना मिसळून त्याला तिची बरोबरी साधावी लागली.

मात्र कुंभाराच्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. भांड्याला नुसते तापमान कळत नाही. किती तापमान किती वेळ, याचा एकत्रित परिणाम त्याच्यावर होतो. आमच्या प्रयोगशाळेत मी एकदा हा धडा चांगलाच गिरवला. थर्मोकपलचा आकडा बरोबर होता, पण घाईत भट्टी लवकर बंद केली आणि आठवडाभर खपून केलेल्या वड्या खडूसारख्या ठिसूळ निघाल्या. शेजारी मातीचा एक तुकडा ठेवला असता तर तो खरे बोलला असता.

१८८६ साली बर्लिनमध्ये हर्मन सेगरने जे शंकू तयार केले, ते हाच एकत्रित परिणाम दाखवतात. त्याच सुमारास ल शातलिए याने प्लॅटिनम-ऱ्होडियमचे थर्मोकपल सिद्ध केले आणि तापमानाचा खरा आकडा मिळू लागला. तरीही शंकू भट्टीतून गेले नाहीत. आजही अनेक कलावंत भट्टीत दोन्ही ठेवतात. कारखान्यांत वापरली जाणारी बुलर्स रिंग तर सरळ वेजवुडच्या वंशातली : भाजल्यावर मातीचे कडे किती आकसले ते काट्यावर वाचायचे.

वर्गात करून पाहायचे असेल तर गावातल्या कुंभाराकडून मळलेली माती आणा. सारख्या जाडीच्या दहा पट्ट्या करा आणि प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर रेघ मोजा, मग कुंभाराला विनंती करून पट्ट्या भट्टीच्या वेगवेगळ्या भागांत ठेवायला सांगा आणि कोणती कुठे ठेवली ते लिहून घ्या. बहुतेक आकसणे वाळतानाच झालेले दिसेल, कारण साध्या मडक्यांच्या भट्टीची आच तशी कमी असते. भाजल्यानंतरचा फरक मिलिमीटरभराचा किंवा त्याहूनही कमी असेल. म्हणून व्हर्नियर कॅलिपर हाताशी ठेवा.