खुनी आणि साहाय्यक : फ्रँकफुर्ट खटला व जर्मन दंडसंहितेची परिभाषा

न्यूरेंबर्ग येथे १९४५-४६ साली विजेत्या राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय न्यायासन स्थापून नाझी नेत्यांना शासन केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या राष्ट्राच्या नावाने ते गुन्हे घडले, त्याच राष्ट्राने आपल्या नित्याच्या कायद्यानुसार आपल्याच नागरिकांचा न्याय करावयाचे ठरविले, तर तो कायदा त्या कामी पुरा पडतो काय? फ्रँकफुर्ट येथे २० डिसेंबर १९६३ रोजी सुरू झालेला आउश्वित्स खटला हे या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेने पूर्वलक्षी शिक्षेस मनाई केली होती. मानवतेविरुद्ध गुन्हा ही संकल्पना दोस्तराष्ट्रांनी आणलेली; ती लागू करणारा नियंत्रण मंडळाचा दहावा कायदा १९५१ नंतर व्यवहारात मागे पडला व १९५६ मध्ये तेथे रद्दही झाला. उरली ती १८७१ ची दंडसंहिता. तिच्यातील इतर गुन्ह्यांची मुदत सरत चालली होती. मनुष्यवधाची मुदत १९६० साली संपली. त्यानंतर केवळ खून व खुनास साहाय्य हेच आरोप ठेवता येणे शक्य राहिले.

येथे कायद्याच्या शब्दरचनेकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. खुनाविषयीच्या २११ व्या कलमास १९४१ साली, म्हणजे नाझी राजवटीतच, नवे रूप मिळाले होते. हे कलम कृत्याची नव्हे, तर कर्त्याची व्याख्या करते : खून म्हणजे काय, हे न सांगता खुनी कोण, हे सांगते. वधाची लालसा, लोभ वा अन्य हीन हेतू, कपट, क्रौर्य इत्यादी लक्षणांवरून खुनी ओळखावयाचा. ज्याने कृत्य आपले मानून केले तो कर्ता आणि ज्याने ते दुसऱ्याचे म्हणून पार पाडले तो साहाय्यक, असा भेदही न्यायालयांत रूढ होता. परिणामी हिटलर, हिमलर व हायड्रिख हे मुख्य कर्ते ठरले आणि बाकीचे बहुतेक साहाय्यक.

या भेदाचे फळ निकालात उतरले. ऑगस्ट १९६५ मध्ये वीस आरोपींपैकी सतरा दोषी ठरले, तिघे सुटले. सहा जणांस जन्मठेप झाली. छळाच्या साधनामुळे कुप्रसिद्ध झालेला व स्वहस्ते कैद्यांचे प्राण घेणारा विल्हेल्म बोगर खुनी ठरून जन्मठेपेस पात्र झाला. छावणीप्रमुखाचा कार्यवाह रॉबर्ट मुल्का मात्र साहाय्यक ठरला; त्यास चौदा वर्षांची शिक्षा झाली. ज्याचे क्रौर्य आज्ञेपलीकडे गेले तो कायद्यास स्पष्ट दिसला. आज्ञेबरहुकूम यंत्रणा चालविणारा अर्धवटच दिसला.

हेस्से राज्याचे महाअभियोक्ता फ्रिट्झ बाउअर यांना हा धोका प्रारंभापासून जाणवला होता. ते स्वतः ज्यू असून नाझी काळात कारावास व निर्वासन भोगलेले होते. छावणीचा सारा व्यवहार हे एकच कृत्य असून, त्यात जाणूनबुजून काम करणारा प्रत्येकजण त्या कृत्याचा भागीदार होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६८ साली ते निवर्तले. १९६९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे मत अमान्य केले व प्रत्येकाचा विशिष्ट वधाशी संबंध सिद्ध करण्याची अट कायम ठेवली.

त्याहून मोठा आघात एका किरकोळ वाटणाऱ्या दुरुस्तीने केला. १९६८ च्या एका पूरक कायद्याने, ज्या साहाय्यकाच्या ठायी हीन हेतू स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही, त्याची शिक्षा सौम्य करणे बंधनकारक ठरविले. शिक्षा घटली म्हणून कारवाईची मुदतही घटली. आणि ती १९६० सालीच संपली असल्याचे मे १९६९ च्या निर्णयाने निष्पन्न झाले. बर्लिनमध्ये सुरक्षा मुख्यालयातील अधिकाऱ्यांविरुद्ध चाललेली मोठी चौकशी त्यामुळे कोलमडली. संसदेने खुनाची मुदत १९६५ व १९६९ मध्ये वाढविली, १९७९ मध्ये समूळ काढूनही टाकली. परंतु जे आरोप एकदा लयास गेले, ते त्यामुळे पुन्हा जिवंत झाले नाहीत.

बाउअर यांच्या मताजवळ न्यायालये पोहोचली ती फार उशिरा. २०११ साली म्युनिक येथे जॉन डेम्यान्युक यास सोबिबोर छावणीतील २८,०६० हत्यांस साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. ती अंतिम होण्यापूर्वीच तो मरण पावला. आउश्वित्सचा हिशेबनीस ओस्कार ग्रोनिंग याची २०१५ ची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायम केली. तोही तुरुंगात जाण्यापूर्वी, २०१८ मध्ये वारला. कलमाचे शब्द तेच होते. अर्थ लावण्याची रीत बदलली होती. दरम्यानच्या अर्धशतकात बहुतेक आरोपी व साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले.

तथापि राष्ट्रीय कायद्याचा मार्ग निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रँकफुर्ट येथे साडेतीनशेहून अधिक साक्षी झाल्या, त्यांपैकी दोनशेहून अधिक साक्षीदार छावणीतून वाचलेले होते. तो पुरावा जर्मन न्यायासनापुढे जर्मन समाजाने ऐकला. विजेत्यांचा न्याय म्हणून तो झटकून टाकता येण्याजोगा नव्हता. परंतु व्यक्तीव्यक्तींतील हत्येसाठी घडविलेली परिभाषा राज्यसंस्थेनेच योजिलेल्या हत्येस लावली, की क्रौर्य गुन्हा ठरते आणि कर्तव्यतत्परता सबब ठरते. जर्मनीने जून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांची स्वतंत्र संहिता अमलात आणली. तिच्या आधारे कोब्लेन्झच्या न्यायालयाने २०२२ मध्ये अन्वर रस्लान या सीरियन अधिकाऱ्यास मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल जन्मठेप दिली. पूर्वलक्षी नसल्याने ही संहिता आउश्वित्सच्या बळींस उपयोगी पडू शकत नव्हती. त्यांच्या वाट्यास आला तो ‘साहाय्यक’ हा शब्द, आणि त्या शब्दाआड सुटून गेलेले अनेक जण.