प्रवासात असताना मार्केटिंग कॉन्फरन्समध्ये कसं बोलायचं? फोनची तयारी, नेटवर्क आणि ओळखी: संपूर्ण माहिती

माझं काम डिजिटल मार्केटिंगचं. लालबागचे मसालेवाले, दादरचे कपड्यांचे दुकानदार, गिरगावातले घरगुती फराळ करणारे अशा छोट्या व्यावसायिकांची ऑनलाइन कामं मी करते. त्यातूनच ऑनलाइन मार्केटिंगच्या कार्यक्रमांत बोलायची आमंत्रणं येऊ लागली. कधी हॉलमध्ये जाऊन बोलायचं असतं, तर कधी दुसऱ्या कामासाठी बाहेर पडलेली असताना मधेच फोनवरून जॉइन व्हायचं असतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे लॅपटॉप नसतो, ऑफिस नसतं, घरात शांत खोलीही नसते. म्हणून आलेली संधी सोडून द्यायची का? मुळीच नाही. पुढचं काम बऱ्याचदा अशाच वीस मिनिटांतून मिळतं. फक्त एक सूत्र लक्षात ठेवा: प्रवासात आधी आवाज सांभाळायचा, मग स्लाइड, आणि सगळ्यात शेवटी व्हिडिओ. तुमचा चेहरा दिसला नाही तर लोक ऐकत राहतात, पण आवाज तुटला की उठून जातात. चला तर मग, क्रमाने पाहूया.

हो म्हणण्याआधी काय विचारायचं?

आमंत्रण आलं की आनंद होतोच, पण ही उत्तरं ईमेलवर लेखी घ्या:

- कार्यक्रम प्रत्यक्ष आहे, ऑनलाइन आहे की हायब्रिड? (हायब्रिड म्हणजे काही लोक हॉलमध्ये आणि काही स्क्रीनवर.)
- बोलायला किती वेळ आणि प्रश्नांना किती?
- प्रवासखर्च आणि राहण्याचा खर्च कोण देणार?
- मानधन आहे का? असेल तर कधी मिळणार आणि टीडीएस कापणार का?
- रेकॉर्डिंग होणार का? ते पुढे कुठे वापरणार?
- ऐन वेळी अडचण आली तर फोन कोणाला करायचा?

"स्पीकर व्हायचं असेल तर आधी फी भरा," असं कोणी म्हणालं तर थांबा. तुम्ही ज्ञान द्यायचं आणि वर पैसेही तुम्हीच भरायचे, हा व्यवहार बहुतेक वेळा फक्त संयोजकाच्या फायद्याचा असतो. मागच्या वर्षीच्या कार्यक्रमात बोललेल्या एक-दोन वक्त्यांना लिंक्डइनवर मेसेज करून अनुभव विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोनवरून बोलायला किती इंटरनेट लागतं?

इथे लोक उगाच घाबरतात. झूमने दिलेल्या आकड्यांनुसार साधारण गरज अशी:

- फक्त आवाज: ६० ते ८० केबीपीएस
- फक्त स्क्रीन शेअर: ५० ते ७५ केबीपीएस
- ग्रुप कॉलमध्ये चांगला व्हिडिओ: पाठवायला १ एमबीपीएस, यायला ६०० केबीपीएस
- ग्रुप कॉलमध्ये ७२०पी एचडी व्हिडिओ: पाठवायला २.६ एमबीपीएस, यायला १.८ एमबीपीएस

आता हिशोब करा. जाणारा-येणारा आवाज आणि स्लाइड मिळून तासाला सव्वाशे एमबीच्या आत काम होतं. एचडी व्हिडिओ चालू ठेवला तर तोच तास जवळजवळ २ जीबी खातो. म्हणून सुरुवातीला मिनिटभर कॅमेरा चालू करा, हसून नमस्कार करा, आणि "नेटवर्कसाठी कॅमेरा बंद करते" असं सांगून बंद करा. कोणालाही वाईट वाटत नाही.

आणखी एक. स्पीड टेस्टमध्ये बहुतेक जण डाउनलोडचा आकडा बघतात. तुम्ही बोलणारे आहात, त्यामुळे तुमच्यासाठी अपलोड महत्त्वाचा. ज्या जागेवरून आणि ज्या वेळेला बोलणार आहात, तिथे त्याच वेळेला आदल्या दिवशी टेस्ट करा. सकाळी ७ चं नेटवर्क आणि संध्याकाळी ७ चं नेटवर्क यात खूप फरक असतो.

गिरगाव ते परळ: बोलायचं कुठून?

लोकलमधून बोलायचा विचार सोडून द्या. गर्दी, अनाउन्समेंट आणि दर दोन मिनिटांनी बदलणारा टॉवर, यात आवाज टिकत नाही. ऐकायला जॉइन व्हायचं असेल तर ठीक.

मेट्रो ३ चं म्हणाल तर, ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, दादर अशी स्टेशनं असल्यामुळे गिरगावहून थेट बीकेसीला जाता येतं. पोचायला छान, पण भुयारात नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका. स्लाइड, तिकीट आणि पत्ता आधीच डाउनलोड करून ठेवा.

लालबागला मेट्रो ३ नाही. करी रोड किंवा चिंचपोकळीहून लोकलने दादर, आणि तिथून पश्चिमेला चालत जाऊन मेट्रो, हा मार्ग सोपा. परळहून प्रभादेवी-वरळीकडे टॅक्सीने जाणार असाल तर जास्तीचा वेळ धरा. एल्फिन्स्टन पूल १२ सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद झाल्याने ती वाहतूक दादरचा टिळक पूल आणि करी रोडच्या पुलाकडे वळली. चालत जायचं असेल तर परळ आणि प्रभादेवी स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल आहेच.

बोलण्यासाठी जागा शोधताना हे पर्याय पाहा:

- तासावर मिळणारी को-वर्किंग जागा. लोअर परळ-परळ भागात अशा जागा आहेत. नुसती खुर्ची नको, बंद दाराची छोटी खोली मागा.
- ओळखीच्या दुकानाचा पोटमाळा किंवा गोदाम. कपड्याचे गठ्ठे, पोती असली की आवाज घुमत नाही.
- बाजूला उभी केलेली गाडी. काचा बंद केल्या की आवाज चांगला येतो. फक्त गाडी चालती नको.
- नातेवाइकांचं घर. मावशीला आधी सांगा, नाहीतर ऐन सेशनमध्ये "चहा घेतेस का गं?" ऐकू येईल!

अभ्यासिका आणि वाचनालय इथे चालत नाही. शांतता असते, पण ती दुसऱ्यांच्या अभ्यासासाठी.

रेल्वे स्टेशनच्या वायफायबद्दल नेहमी विचारलं जातं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गुगल आणि रेलटेलने ही सोय सुरू केली. गुगल पुढे बाहेर पडलं, रेलटेलची सेवा चालू राहिली. ओटीपी टाकून सुरुवातीची ३० मिनिटं मोफत मिळतात, पुढे पैसे भरायचे. स्लाइड पाठवायला ते उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून भाषण करू नका.

कॅलेंडरही बघा. गणेशोत्सवात लालबाग, अनंत चतुर्दशीला गिरगाव, ६ डिसेंबरला दादर, या दिवशी तिथे लाखो लोक एकत्र येतात आणि सगळे तेच टॉवर वापरतात. अशा दिवशी सेशन असेल तर ब्रॉडबँड असलेली जागा शोधा, किंवा तारीख ठरतानाच संयोजकांना सांगा.

फोनची सेटिंग: सेशनआधी अर्धा तास

१. बॅटरी पूर्ण चार्ज करा, पॉवर बँक जवळ ठेवा. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हँडबॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-अवर आहे. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते.

२. वायफाय चांगलं असेल तर एअरप्लेन मोड चालू करा आणि मग वायफाय परत चालू करा. मधे साधा कॉल येणार नाही. मात्र वायफाय कॉलिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर कॉल तरीही येतो.

३. मोबाइल डेटावर बोलणार असाल तर डू नॉट डिस्टर्ब लावा. दोन सिम असतील तर दुसरं सिम तेवढ्यापुरतं बंद करा.

४. माइक असलेला वायरचा इअरफोन वापरा. ब्लूटूथ इअरबडचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाजाचा दर्जा खाली येतो. गोंगाटात तर वायरचाच बरा.

५. मीटिंग ॲप आदल्या दिवशी अपडेट करा. ऐन वेळी "अपडेट करा" असा मेसेज आला तर दहा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

६. स्लाइडची पीडीएफ संयोजकाला पाठवून ठेवा. तुमचं नेट गेलं तर ते स्लाइड पुढे सरकवतील आणि तुम्ही साध्या फोन कॉलवरून बोलाल. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून माइकजवळ धरला तरी भाषण पूर्ण होतं. यासाठी एकमेकांचे नंबर आधीच घेतलेले हवेत, आणि तेव्हा एअरप्लेन मोड काढायचा हे लक्षात हवं.

स्लाइड मराठीत असतील तर

मराठी स्लाइड दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं फुटतात. कारण सोपं आहे: तुमचा फॉन्ट त्या मशीनवर नसतो. त्यावर उपाय:

- युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे निव्वळ अगम्य चिन्हं होऊन दिसतो.
- शेवटी पीडीएफ करा. फॉन्ट फाइलमध्येच राहतो आणि अक्षरं जशीच्या तशी दिसतात.
- फाइल तीन ठिकाणी ठेवा: फोनमध्ये, ईमेलमध्ये आणि पेन ड्राइव्हवर.

"फोन थेट प्रोजेक्टरला जोडेन" असं ठरवण्याआधी तपासा. टाइप-सी पोर्ट दिसायला सारखं असलं तरी बऱ्याच स्वस्त फोनमधून व्हिडिओ बाहेर जातच नाही. ॲडॉप्टर घेतला तरी उपयोग नाही.

नेटवर्किंग: शंभर नंबर नकोत, दहा ओळखी हव्यात

मोठ्या कार्यक्रमांसाठी आता मुंबईबाहेर जावंच लागतं असं नाही. मे २०२५ ची वेव्हज परिषद बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये झाली, आणि ९ ते ११ एप्रिल २०२६ च्या वर्डकॅम्प एशियासाठीही मुंबईचीच निवड झाली. पण गर्दी मोठी असली म्हणून ओळखी आपोआप होत नाहीत.

भेटताना: लिंक्डइन ॲपमध्ये स्वतःचा क्यूआर कोड असतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा म्हणजे नेट नसतानाही दाखवता येतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्येही क्यूआर आणि शॉर्ट लिंक मिळते. शेवटच्या स्लाइडवर यातला एकच क्यूआर मोठा करून टाका. चार-पाच टाकले तर लोक एकही स्कॅन करत नाहीत.

नंबर सेव्ह करताना: नुसतं नाव लिहू नका. नाव, कुठे भेटलो आणि कशाबद्दल बोललो, हे तिन्ही लिहा. उदाहरणार्थ, नावापुढे "दादर कार्यक्रम, पापडाचा ब्रँड, गुगल लिस्टिंगची शंका". महिन्याभराने हाच तपशील कामी येतो.

दुसऱ्या दिवशी: छोटा मेसेज पाठवा. असा:

"नमस्कार मॅडम, काल दादरच्या कार्यक्रमात भेटलो होतो. तुम्ही गुगल लिस्टिंगमध्ये फोटो दिसत नाहीत असं म्हणाला होतात. त्याची माहिती सोबत पाठवते आहे. काही अडलं तर नक्की कळवा."

यात "मला काम द्या" असं कुठेही नाही. आधी त्यांची शंका सोडवा. काम असेल तर त्यांना तुमचीच आठवण येईल.

हे करू नका: न विचारता कोणालाही ग्रुपमध्ये टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते वागणं बरं नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर लक्षात ठेवा: एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. म्हणजे लोकांनी तुमचा नंबर सेव्ह करावा असं आधी काहीतरी द्यावं लागतं.

फसवणुकीपासून सावध

- "इव्हेंटचं ॲप" म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर इन्स्टॉल करू नका.
- मानधन किंवा प्रवासखर्च मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर ती फसवणूक आहे. पैसे घेताना पिन लागत नाही.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोफत झूम किंवा मीटवर कार्यक्रम घेता येतो का?
येतो, पण मोफत झूम ४० मिनिटांनी बंद होतं. मोफत गुगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं मिळतात. प्रश्नोत्तरांचा वेळ त्यातच धरा.

माझं इंग्रजी कच्चं आहे, तरी बोलू का?
नक्की बोला. "आपण मराठीत बोलू का?" असं संयोजकांना आधी विचारा. स्लाइडवरचे शब्द सोपे ठेवा, उदाहरणं तुमच्या गल्लीतली द्या. मिरची गल्लीतल्या दुकानाला ऑर्डर कशा येतात, हे तुमच्याइतकं चांगलं बाहेरचा माणूस सांगू शकत नाही.

पहिल्यांदा बोलण्याची संधी कुठे मिळेल?
कॉलेजचा कार्यक्रम, दुकानदारांची संघटना, महिला बचत गट. तिथे वीस मिनिटं बोला, परवानगी घेऊन त्यातल्या दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि पुढच्या संयोजकाला तोच पाठवा.

थोडक्यात: आमंत्रणाच्या अटी लेखी घ्या, अपलोड स्पीड तपासा, वायरचा इअरफोन आणि पीडीएफ जवळ ठेवा, कॅमेऱ्याचा हट्ट सोडा आणि दुसऱ्या दिवशीचा मेसेज विसरू नका. पुढचं आमंत्रण आलं की ही यादी उघडून एकेक गोष्टीवर टिक करत जा.