लेसर उपचार, त्वचेवरील डागांसाठी
त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याचे साठे लेसर किरणांच्या अतिसूक्ष्म स्पंदांनी फोडण्याची पद्धत. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये तिचे तत्त्व मांडले: उष्णता पसरण्याआधीच स्पंद संपला, तर भोवतालच्या पेशी वाचतात. सावळ्या त्वचेसाठी १,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित, कारण वरच्या थरातील मेलॅनिन ही तरंगलांबी कमी शोषते. डोळ्याभोवतीचा ‘नीव्हस ऑफ ओटा’ हा निळसर डाग अनेक बैठकांत बराच फिकट होतो. वांग मात्र पुन्हा उमटतात, कधी अधिक गडद होतात. त्यांवर लेसर हा पहिला उपाय मानूच नये. उपचारानंतर खपली खरवडू नये, त्वचा कोरडी पडू देऊ नये. किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, छत्री वा रुंद टोपी अत्यावश्यक. उन्हामुळे उपचाराच्या जागीच नवे डाग पडू शकतात.