राखणदार कोणाच्या हुकुमात? – तैनाती फौज, नागपूरकर भोसले आणि आजचा संरक्षणविचार

संरक्षणावर किती खर्च करावा, हा प्रश्न सध्या जगातील बहुतेक राजधान्यांत ऐरणीवर आहे. जून २०२५ मध्ये हेग येथे झालेल्या नाटोच्या परिषदेत सदस्य राष्ट्रांनी २०३५ पर्यंत संरक्षण व तत्संबंधी बाबींवर देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्च करण्याचे मान्य केले. त्यातील ३.५ टक्के प्रत्यक्ष सैन्यासाठी आणि उरलेले दीड टक्का रस्ते, पूल, दळणवळण, सायबर-सुरक्षा अशा पूरक गोष्टींसाठी. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या आकड्यांत मला रस आहेच. परंतु टक्केवारीच्या चर्चेत एक जुना प्रश्न झाकला जातो. राखणीचा पैसा कोणाचा, आणि राखणदार कोणाच्या हुकुमात?

नोकरीच्या निमित्ताने मी रायपूरला राहतो. या प्रश्नाच्या उत्तरासाठी येथून फार दूर जावे लागत नाही, कारण रायपूर हे छत्तीसगडचे मुख्य ठाणे झाले तेच या प्रश्नाच्या एका उत्तरातून. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना नागपूरकर भोसल्यांच्या पराक्रमाच्या कथा माहीत असतात. त्यांच्या संरक्षणखर्चाची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

छत्तीसगडातील मराठी राज्य

पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम १७४१ च्या सुमारास ओरिसा-बंगालच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा वाटेत रतनपूरच्या हैहयवंशी राजाने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली. पुढे १७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी येथे कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांनीच बांधले. त्यांच्यानंतर नागपूरकरांनी येथे सुभेदार नेमले. रायपूरच्या तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत आजही मराठी घरे आहेत, ती याच इतिहासाची खूण होय.

आपल्याला या वारशाचा अभिमान वाटतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु हिशेब मांडायचा तर पुरा मांडावा. बिंबाजींनंतरचा सुभेदारी कारभार मुख्यतः वसुलीचा होता. छत्तीसगडच्या रयतेकडून जमा झालेला पैसा नागपूरला जाई, आणि तो कशावर खर्च व्हावा हे ठरविण्यात त्या रयतेला कोणतेही स्थान नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

तेरा वर्षांचा नकार

१८०३ च्या युद्धात असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, गाविलगड पडला आणि १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांना सोडावा लागला. नागपुरात इंग्रज रेसिडेंट आला. तरीही दुसऱ्या रघूजींनी एक गोष्ट अखेरपर्यंत मान्य केली नाही, ती म्हणजे कंपनीची तैनाती फौज.

हा नकार सोपा नव्हता. मुलूख कमी झाल्यामुळे उत्पन्न घटले होते, आणि संकट तर दाराशी होते. १८०९ मध्ये अमीरखानाने नागपूरच्या राज्यावर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांनी न मागताच मदतीला फौज पाठविली. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी नागपूरच्या वेशीपर्यंत येऊन जाळपोळ केली. राज्यकर्त्याने प्रजेचे रक्षण करावे, ही अपेक्षा रघूजी पुरी करू शकत नव्हते, आणि शेजारी उभा असलेला बलाढ्य मित्र ती पुरी करून देण्यास तयार होता. अशा वेळी नाही म्हणणे म्हणजे नुसता मानीपणा, असे कोणासही वाटेल.

परंतु त्यांच्यासमोर पुण्याचे उदाहरण होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार कवायती फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख लावून दिला. पेशव्याला गादी परत मिळाली. पण परराष्ट्रव्यवहार, युद्ध आणि तह या तिन्ही गोष्टी त्याच्या हातून गेल्या. तैनाती फौजेची खरी किंमत तहातील रकमेत लिहिलेली नसते, हे रघूजींनी ओळखले होते.

२२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. त्यांचा मुलगा परसोजी कारभार करण्यास असमर्थ होता. चुलतभाऊ आप्पासाहेबांना दरबारातील प्रतिस्पर्ध्यांपुढे पाठबळ हवे होते. दोनच महिन्यांनी, मे १८१६ मध्ये, त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. वार्षिक खर्च साडेसात लाख रुपये. तेरा वर्षे बाहेरच्या शत्रूच्या भीतीने जे झाले नाही, ते घरातील सत्तास्पर्धेमुळे काही आठवड्यांत झाले. परकी फौज बोलावली जाते ती पुष्कळदा सीमेच्या रक्षणासाठी नव्हे, तर गादीच्या रक्षणासाठी, हे त्या तहाचे पहिले शिक्षण.

कुंपणच शेत खाते

दुसरे शिक्षण मिळण्यास दीड वर्षही लागले नाही. आप्पासाहेबांना आपण काय गमावले ते उमगले आणि त्यांनी पेशव्यांशी संधान बांधले. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई झाली. टेकडीवरून लढून भोसल्यांच्या सैन्याला मागे रेटणाऱ्या तुकड्या त्याच तैनाती फौजेतील होत्या, जिचा खर्च भोसल्यांच्या खजिन्यावर होता. त्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, खडकीला पेशव्यांच्या बाबतीत हेच घडले होते. आपल्या खर्चाने ठेवलेल्या राखणदाराने आपल्याच धन्याला हरविल्याची इतकी जवळजवळची दोन उदाहरणे इतिहासात विरळा.

या प्रसंगांची चर्चा आपल्याकडे फितुरीच्या अंगाने होते. फितुरी होतीच, पण मला कारण अधिक साधे वाटते. पैसा एकाने दिला आणि हुकूम दुसऱ्याने. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

१८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाले, अल्पवयीन तिसऱ्या रघूजींना गादीवर बसविले गेले आणि रेसिडेंट जेन्किन्स राज्याचा प्रत्यक्ष कारभारी झाला. छत्तीसगडावर इंग्रज अधीक्षक आले. कर्नल अ‍ॅग्न्यू १८२५ पर्यंत येथे होते. याच स्थित्यंतरात कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आले. नागपुरातील एका सहीचा परिणाम चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या या रतनपूरपर्यंत असा पोहोचला. येथील शेतकऱ्याला ना तहाची माहिती होती, ना लढाईची. वसूल घेणारा अधिकारी बदलला एवढेच त्याने पाहिले. ज्या राज्याने त्याला कधी काही विचारले नव्हते, त्या राज्यासाठी उठण्याचे त्याला कारण तरी काय होते?

पैसे देऊनही

१८२९ च्या तहाने राखून ठेवलेले प्रांत परत देण्याचे ठरले. त्यानुसार छत्तीसगड १८३० मध्ये पुन्हा नागपूरकरांकडे आले. बदल्यात वर्षाला आठ लाख रुपये कंपनीला द्यावयाचे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्थिर खर्च होय. पाऊस पडो वा न पडो, पीक येवो वा न येवो, रक्कम ठरलेली. शेतीवर चालणाऱ्या राज्याचे उत्पन्न मात्र दरवर्षी वरखाली होणारे. अशा व्यवस्थेत दुष्काळाचा सारा ताण शेवटी रयतेवर पडतो.

शेजारच्या हैदराबादेत हे गणित आणखी उघड झाले. निजामाच्या पैशावर चालणाऱ्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमात असलेल्या हैदराबाद कंटिन्जंटचा खर्च थकत गेला आणि १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाखांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. अकोला-अमरावतीचा शेतकरी कोणाच्या राज्यात राहणार, हे एका फौजेच्या पगाराच्या हिशेबाने ठरले.

नागपूरकर मात्र रक्कम देत राहिले. तरी ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. म्हणजे थकविणाऱ्याचा मुलूख गेला आणि देणाऱ्याचे राज्यच गेले. संरक्षणाची वर्गणी ही अस्तित्वाची हमी नसते.

तैनाती फौजेचा आणखी एक दोष खुद्द कंपनीचे अधिकारी टॉमस मन्रो यांनी १८१७ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्जना लिहून कळविला होता. त्यांचे म्हणणे असे, की परकी फौज पाठीशी असली की राजाला बाहेरच्या शत्रूचे भय उरत नाही आणि प्रजेच्या रोषाचेही उरत नाही. त्यामुळे राज्यकारभार सुधारण्याची निकडच संपते. आज विम्याच्या शास्त्रात ज्याला नैतिक जोखीम म्हणतात, तीच ही गोष्ट.

कंपनीचे राज्य आल्यावर रायपूरला याचाच पुढचा भाग दिसला. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या सावकाराचे धान्याचे कोठार फोडून उपाशी लोकांना धान्य दिले, म्हणून त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. १८५७ मध्ये ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात मृत्युदंड देण्यात आला. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १८ जानेवारी १८५८ रोजी, येथील तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंहाने गोऱ्या सार्जंट-मेजरला ठार केले. हनुमानसिंह हाती लागला नाही. त्याच्या सतरा साथीदारांना २२ जानेवारीला फाशी दिले गेले. लोकांशी नाते नसलेल्या सत्तेला आपल्या राखणदारावरही पुरता विश्वास ठेवता येत नाही.

आजचा संदर्भ

इतिहासातील प्रसंग जसेच्या तसे आजवर लावणे धोक्याचे असते. नाटो म्हणजे तैनाती फौज नव्हे. तेथील सदस्य सार्वभौम आहेत, त्यांची सैन्ये स्वतःची आहेत आणि निर्णय एकमताने होतात. प्रत्येक मैत्रीकरार ही गुलामी, असेही मला म्हणावयाचे नाही. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत कराराने आपल्याला मोठा आधार दिला, पण सैन्याचा हुकूम दिल्लीतच राहिला. तेव्हा कोणत्याही संरक्षणव्यवस्थेला, माझ्या मते, तीन प्रश्न विचारावेत. निर्णायक क्षणी आज्ञा कोण देणार? मदत थांबली तर आपण किती दिवस उभे राहू? आणि करारातून बाहेर पडण्याची वाट उघडी आहे काय?

युक्रेनचे उदाहरण पाहा. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट येथील निवेदनानुसार त्या देशाने आपल्या भूमीवरील सोव्हिएत काळातील अण्वस्त्रे सोडून दिली आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांची आश्वासने घेतली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वंकष आक्रमण झाले आणि आक्रमक हा आश्वासन देणाऱ्यांपैकीच एक होता. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवसांसाठी लष्करी मदत आणि गुप्तवार्ता देणे थांबविले. दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व त्या दिवसांत साऱ्या युरोपला कळले. त्यानंतर तीनच महिन्यांनी हेगचा निर्णय झाला.

आपल्यालाही हा अनुभव आहे. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा बंद केला होता. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२४ या काळात शस्त्रे आयात करणाऱ्या देशांत युक्रेन पहिला आणि भारत दुसरा होता. तेजस विमानांसाठी २०२१ मध्ये मागविलेल्या ९९ अमेरिकी इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले. इंजिन परक्याचे असले की आपल्या विमानदलाचे वेळापत्रक दुसऱ्याच्या कारखान्यात ठरते.

येथे रायपूरच्या शेजारच्या भिलाईचा उल्लेख करणे योग्य होईल. विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी लागणारे खास पोलाद रशियाकडून मिळण्यात अडचण आली, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि सेलने ते देशातच विकसित केले. सुमारे ३०,००० टन पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून गेले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौका नौदलात दाखल झाली. भिलाईचा कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला होता. परकी मदत घेऊन स्वतःचे सामर्थ्य उभे करणे आणि परकी मदतीलाच सामर्थ्य समजणे, यातील अंतर या एका कारखान्याने दाखविले आहे. विक्रांतची गॅस टर्बाइन मात्र अजून परकीय रचनेची आहेत, हेही नोंदवून ठेवावे. काम अर्धे झाले आहे.

संरक्षण अर्थसंकल्पाची चर्चा दरवर्षी होते आणि व्हावी. पण वाचकांनी खर्चाच्या आकड्याबरोबर आज्ञेचा रकानाही तपासावा. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना असावा : ज्यांच्या रक्षणासाठी हा खर्च आहे, त्या माणसांना हे राज्य आपले वाटते काय? नागपूरकरांच्या वहीत पहिला रकाना १८१६ मध्ये दुसऱ्याच्या नावावर गेला. छत्तीसगडपुरते बोलायचे तर, दुसरा त्यांनी कधी भरलाच नव्हता.